कौलावरचं साल घराचं नसतं

वाचकांचे प्रश्न : खानदेशातली जुनी घरं

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा गठ्ठा जाड होतो. लेकी माहेरी येतात, झोक्याचा दोर बांधायला कुणीतरी शिडी लावून तुळईपर्यंत चढतं, आणि वर्षभरात पहिल्यांदा घरातली माणसं मान वर करून छताकडे बघतात. मग प्रश्न सुरू होतात. माझे वडील गवंडी होते. अमळनेर, पारोळा, एरंडोल या पट्ट्यात त्यांनी आयुष्यभर चुन्यात काम केलं. मी सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होतो. निवृत्त झाल्यावर पुन्हा त्यांच्याच भिंतींकडे वळलो. यंदाच्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला घोळ मी निदान वीस घरांत पाहिला आहे.

प्रश्न : नाना, सादर नमस्कार. आमचं सासरचं घर धरणगावात आहे. दर्शनी दारावर दगडी पाटी आहे. ‘श्री’ खाली ‘शके १८’, मग एक पुसलेला आकडा आणि शेवटी ‘९’. पुढे ‘प्लवंग नाम संवत्सरे वैशाख शुद्ध ३ गृहप्रवेश’ एवढं लागतं. गेल्या वर्षी छपराची कौलं उतरवली, तर बऱ्याच कौलांवर बासेल मिशनचं नाव आणि ‘१८६५’ निघालं. दीर म्हणतात, घर १८६५ चंच. सासूबाई १९५८ साली लग्न होऊन आल्या तेव्हाही घर जुनंच होतं, असं त्या सांगायच्या. मागच्या खोलीत लोखंडी गर्डर आहेत, त्यांवर इंग्रजीत ‘टाटा’ आहे. दिवाणखान्यात वेलबुट्टीच्या रंगीत फरश्या आहेत, त्यांना सगळे विलायती म्हणतात. घरात यावरून रोज वाद. खरं काय समजायचं?
— एक भगिनी, धरणगाव

उत्तर : ताई, तुमच्या घरानं चार साक्षीदार उभे केले आहेत. चौघेही खरं सांगताहेत, पण चौघांना एकच प्रश्न विचारल्यामुळे वाद झाला आहे.

आधी कौल. आपण ज्यांना मंगलोरी कौलं म्हणतो, त्यांचा कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या लोकांनी मंगळूरला १८६५ साली काढला. कौलावर उठवलेलं १८६५ हे त्या कारखान्याचं साल आहे. तो साचा पुढे वर्षानुवर्षं तसाच चालला. अल्बुकर्क यांच्या कौलांवर १८६८ असतं, तेही तसंच. दुकानाच्या पाटीवर ‘स्थापना अमुक’ लिहिलेलं असतं, म्हणून आतलं कापड त्या सालचं ठरत नाही. तरी हे कौल अगदीच मुकं नाही. पहिलं महायुद्ध पेटल्यावर बासेल मिशनची मालमत्ता इंग्रज सरकारनं ताब्यात घेतली आणि युद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. मग कौलांवरचं नावही बदललं. तुमच्या कौलांवर मिशनचं नाव आहे, म्हणजे ती बहुधा महायुद्धाच्या आधीची. उतरवलेली कौलं भंगारात दिली नसतील तर चाळून बघा. दोन नावांची कौलं मिसळलेली निघाली, तर मधे कधीतरी छपराची दुरुस्ती झाली असं समजा.

आता पाटी. तुमच्या पणजेसासऱ्यांनी, किंवा त्यांच्या भटजींनी, संवत्सराचं नाव कोरायला लावलं हे फार शहाणपणाचं झालं. आकडा झिजतो, नाव टिकतं. हिशेब सोपा आहे. शकाच्या आकड्यात १२ मिळवा, ६० नं भागा, आणि जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला, क्षय साठावा. प्लवंग एक्केचाळिसावा. आता पुसलेल्या जागी एकेक आकडा ठेवून बघा. १८०९ ला बाकी २१ येते, ते सर्वजित. १८१९ ला ३१, हेमलंबी. १८३९ ला ५१, पिंगल. १८२९ ला मात्र बरोबर ४१. अठराशेच्या शकांत प्लवंग आणखी एकदाच येतो, १८८९ ला. पण ते इंग्रजी १९६७ आणि तुमच्या सासूबाई १९५८ सालीच त्या घरात आल्या होत्या. म्हणजे शके १८२९. त्यात ७८ मिळवले की १९०७. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे आपली आखाजी, त्या साली ती मे महिन्यात आली. तुमच्या घरात पहिला दिवा १९०७ च्या आखाजीला लागला. पाटीचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात घ्या, पुसलेल्या आकड्याची ‘२’ ची शेपटी सावलीत दिसते का बघा. पाटीला ऑइलपेंट मात्र लावू नका, आणि तारेच्या ब्रशनं घासू तर मुळीच नका.

(इतर वाचकांसाठी : गुजर, मारवाडी, गुजराती घरांच्या पाट्यांवर बहुतेक वेळा शके नसून संवत असतो. संवतातून महिन्याप्रमाणे ५७ किंवा ५६ वजा करा. धरणगाव, चोपडा, नंदुरबार या बाजूला एकाच गल्लीत दोन्ही कालगणना सापडतात. शके समजून संवतात ७८ मिळवले की घर भविष्यात बांधलेलं निघतं, हे मी पाहिलं आहे.)

तिसरा साक्षीदार गर्डर. टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली ती १९०७ च्या ऑगस्टमध्ये, तुमची वास्तुशांत होऊन तीन महिने झाल्यावर. साकचीच्या कारखान्यातून, म्हणजे आजच्या जमशेदपुरातून, पहिलं पोलाद निघालं १९१२ साली. तेव्हा ‘टाटा’ लिहिलेला गर्डर मूळ घरातला असू शकत नाही. मागची खोली नंतर वाढवली आहे. दुसरी खूण बघा : पुढच्या बाजूला सागवानी तुळया आणि कडीपाट असेल, मागे गर्डरच्या मधे विटांच्या चपट्या कमानी असतील. दोन्ही भिंती जिथे भेटतात तिथे वरपासून खालपर्यंत उभी भेग दिसेल. ती भेग पाहून घाबरू नका, तो सांधा आहे. आपल्याकडच्या काही घरांत ‘डॉर्मन लाँग’ असं नाव असलेले गर्डर निघतात, ते इंग्लंडचे, मिडल्सब्रोचे. गिलाव्याखाली झाकण्याआधी गर्डरवरचं नाव टिपून ठेवा.

फरशीचं तुम्हालाच ठरवता येईल. कोपऱ्यात एखादी तुटलेली असेल तर तिची कड बघा. रंग वरच्या पातळ थरात असेल आणि खाली करडा सिमेंटचा गाभा असेल, तर ती सिमेंटची फरशी. आतपर्यंत भाजलेली माती असेल, रंगाच्या जागी रंगाचीच माती भरलेली असेल, तर ती भट्टीतली, मिंटनसारख्या विलायती कारखान्याची. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी १९२२ साली निघाली, परदेशी फरशीला देशी पर्याय द्यायचा हा त्यांचा हेतूच होता. तुमची सिमेंटची निघाली तर मन खट्टू करू नका. स्वदेशीच्या काळात कुणीतरी जाणूनबुजून घेतलेली फरशी विलायतीपेक्षा मला अधिक मोलाची वाटते.

आता सगळं जोडून बघा. ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरतेकडून आपल्या बाजूला आली आणि धरणगावही रुळावर आलं. त्याच्या आधी मंगळूरचं कौल बैलगाडीवर आणणं कुणाला परवडलं असतं? छप्पन्याच्या, म्हणजे संवत १९५६ मधल्या (१८९९-१९००) दुष्काळातून खानदेश नुकता सावरत होता. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, जळगाव पूर्वेचं ठाणं झालं. कापसात पैसा खेळू लागला. त्या पैशातून, रुळावरून आलेल्या कौलांनी, १९०७ ला पुढचं घर उभं राहिलं. पुढे कधीतरी कुटुंब वाढलं आणि मागे टाटाच्या गर्डरवर खोली आली. घरात जुनं खरेदीखत असेल तर दोन गोष्टी बघा. ‘जिल्हा पूर्व खानदेश’ असेल तर कागद १९०६ नंतरचा. स्टँपवर राजाचा चेहरा असेल तर सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६. सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेचा उताराही काढा, मागच्या खोलीचा हिशेब त्यातून कदाचित लागेल.

दिरांना सांगा, घर ४२ वर्षांनी लहान झालं म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. आखाजीला वसलेल्या घराची पाटी खानदेशात रोज सापडत नाही.

प्रश्न : धुळे शहराची आखणी विश्वेश्वरय्यांनी केली असं आम्हाला शाळेत सांगितलं. आमचं घर जुन्या सरळ गल्लीत आहे. प्रकल्पासाठी ‘विश्वेश्वरय्यांच्या काळातलं घर’ असं लिहू का?
— बारावीचा विद्यार्थी, धुळे

उत्तर : बेटा, लिहू नकोस. पेशवाई संपल्यावर खानदेशात आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळं हे ठाणं म्हणून निवडलं आणि १८१९ पासून नवी वस्ती वसवायला घेतली. बाहेरगावांहून कारागीर आणले, व्यापाऱ्यांना घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्यानं दिल्या, बांधायला उचलही दिली. तुझी सरळ गल्ली त्या वसाहतीची आहे. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी धुळ्याकडे काम केलं. पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बसवण्याचं ते अवघड काम होतं, आणि तो मोठेपणा त्यांच्याकडे राहू दे. तुझं घर पांझरेच्या बाजूला असेल तर १८७२ च्या पुराबद्दलही घरच्यांना विचार, त्या पुरानं शहरातल्या घरांचं मोठं नुकसान केलं होतं. आणि एकदा राजवाडे संशोधन मंडळात जाऊन ये. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले, पुढच्याच वर्षी त्यांच्या दप्तरांसाठी हे मंडळ उभं राहिलं. कागद हातात घेऊन वाचण्याची सवय तिथे लागते.

प्रश्न : रामराम. शहादा तालुक्यात आमचं वडिलोपार्जित धाब्याचं (सपाट मातीच्या छताचं) घर आहे. आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं, भिंती दोन-दोन हात रुंद. गेली तीन वर्षं पावसाळ्यात माजघरात गळतं. गावात आता धाब्यावर खारी माती टाकणारं कुणी उरलं नाही. ठेकेदार म्हणतो, धाबं आहे तसं ठेवा, वरून चार इंची स्लॅब ओतून देतो, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करतो, पन्नास वर्षं बघायला नको. मुलांचाही तोच आग्रह. तुमचं मत कळवा.
— एक शेतकरी, ता. शहादा

उत्तर : आप्पा, हात जोडून सांगतो, स्लॅब ओतू देऊ नका.

हिशेब मांडतो. दहा बाय बाराची खोली धरा. १२० चौरस फूट. चार इंची स्लॅबचं वजन दर चौरस फुटाला साधारण साडेतेवीस किलो. एका खोलीवर पावणेतीन टनांच्या वर बोजा झाला. खाली आधीच मातीचा थर आहे. तो फूटभर असेल तर चौरस फुटाला आणखी पन्नासेक किलो, आणि ओला झाला की त्याहून जास्त. तुमचे सर, म्हणजे मोठ्या तुळया, आणि कड्या मातीचा भार पिढ्यान्‌पिढ्या पेलत आल्या, पण त्या तेवढ्याच भारासाठी घातलेल्या होत्या. त्यात तीन वर्षं गळतंय. गळकं पाणी नेमकं कुठे मुरतं? लाकडाचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे. बाहेरून कडी धडधाकट दिसते, आणि भिंतीतलं वीतभर टोक भुसा झालेलं असतं. त्यावर स्लॅब ओतली तर ओतत असतानाच अपघात होऊ शकतो, आणि माणसं त्या वेळी खाली उभी असतात.

म्हणून आधी लाकूड तपासा. प्रत्येक कडीच्या टोकाशी, भिंतीलगत, टोच्या किंवा जाड दाभण दाबून बघा. सागवान चांगलं असेल तर टोक आत जात नाही. लाकडी हातोड्यानं ठोका; टणक आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर तिथे खूण करा. खांबांची बुडं उथळ्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, बसतात तिथेही तसंच बघा. जिथे शंका असेल तिथे आजच बल्लीचा टेकू द्या, बाकीचं नंतर. एकदा जाणत्या इंजिनिअरला दाखवा, पण ज्याला स्लॅब विकायची आहे त्याला नको. तुमच्या भागाला लाकडाची कमी कधीच नव्हती. तळोदा हा जुन्या खानदेशातला इमारती लाकडाचा मोठा बाजार, आणि सातपुड्याचं आणि डांगचं सागवान तुमच्या घरांत गेलेलं आहे. त्यामुळे दहातल्या दोन कड्या बदलाव्या लागतील, आठ निघतील खणखणीत, असा माझा अंदाज.

आता माती. धाब्यावर खारीच का टाकायची, काळी का नाही, हे मला लहानपणी कळायचं नाही. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि तिला बोटभर भेगा पडतात. पहिला पाऊस सरळ भेगेतून माजघरात. खारीत क्षार असतात. ती भिजली की तिचे बारीक कण सुटतात आणि छिद्रं बुजवून टाकतात, वरचा बोटभर थर भिजतो आणि खाली पाणी जाऊ देत नाही. म्हणून जुने लोक गावाबाहेरून पांढरी, खारट माती गाड्या भरभरून आणायचे. गावठाणाला आपण पांढरी म्हणतो आणि शेताला काळी, त्यातला हा फरक घर बांधणाऱ्यानं फार आधी ओळखला होता.

काम वैशाखात किंवा ज्येष्ठ लागता लागता करायचं. धाब्यावरचं गवत मुळासकट काढा. एरंडाचं किंवा पिंपळाचं रोप असेल तर उपटू नका, कापून मूळ जागच्या जागी मारा, नाहीतर ते भिंतीची वीट घेऊन येतं. जिथे गळतं तिथली माती पूर्ण उचला, खालच्या फळ्या आणि काटक्या बघा, सडलेल्या बदला. त्यावर कडुनिंबाचा पाला, त्यावर माती थराथरानं, प्रत्येक थर हलका शिंपडून लाकडी चोपण्यानं चोपून. सगळा उतार परनाळीकडे. धाब्यावर पाणी साचायला एवढासाही खळगा राहता कामा नये. बहुतेक घरं खारीच्या दोषानं गळत नाहीत, तर परनाळ बुजल्यामुळे गळतात. ती आधी मोकळी करा, कदाचित निम्मं काम तिथेच होईल.

खारी टाकणारी माणसंच मिळत नसतील तर दुसरा मार्ग आहे. मला तो मनापासून आवडत नाही, पण घर वाचतं. धाब्याच्या वर, खालच्या भिंतींवर नीट टेकवलेला लोखंडी सांगाडा करून हलके पत्रे घाला. मधे दीड-दोन फूट हवा खेळू द्या. मातीचा थर काढू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेला की तीच माती तुम्हाला दुपारी माजघरात झोपू देते. पत्र्याखाली माती असलेलं घर आणि नुसतं पत्र्याचं घर, दोन्हीत एकेक दुपार काढा आणि मग मुलांना निर्णय घेऊ द्या.

गिलाव्याबद्दल माझ्याच घरातलं सांगतो. वडील गेल्यावर आम्ही भावांनी अमळनेरच्या घराच्या पूर्वेच्या भिंतीला सिमेंट लावलं. गुळगुळीत, सरळ, सगळ्यांना आवडलं. तीन पावसाळे गेले आणि आतल्या बाजूनं कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा चढला. माती-चुन्याची भिंत जमिनीतली ओल पिते आणि अंगावरून वाऱ्याला देऊन टाकते. आम्ही तिचं अंग बंद केलं. ओल बाहेर पडेना, तेव्हा ती आतून, वरून वाट शोधू लागली. बरोबर आलेले क्षार विटेच्या पोटात स्फटिक होऊन बसले आणि वीट पिठासारखी झडू लागली. सिमेंटची साल जशीच्या तशी उभी, मागे भिंत पोकळ. शेवटी छिन्नीनं सगळं सोलून काढलं, एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवली आणि चुना लावला. ज्या भिंतीवर वडिलांची थापी फिरली होती तिच्यावर मी ते केलं होतं, याचं दुःख मला आजही आहे. म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीनं लिहितो.

चुन्याची कळी आणा, पाण्यात विझवून निदान तीन आठवडे मुरू द्या. एक भाग मुरलेला चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली वाळू. जुन्या काळी बैलाच्या घाणीत मळायचे, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा घालायचे. घाणी नसेल तर पायांनी आणि फावड्यानं मळा, पण मळा. पातळ थर द्या, प्रत्येक थराला ओलं पोतं लावून सावलीत ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, त्याला महिने लागतात. वडील म्हणायचे, “चुनाले घाई चालत नही, भाऊ.” ठेकेदाराचं वेळापत्रक चुन्याला लागू करू नका.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. चोपडा तालुक्यातल्या आमच्या वाड्याचं ओसरीचं लाकूडकाम कोरीव आहे : खांबांवर कमळं, वरच्या हातांवर पोपट, दारावर गणेशपट्टी. घर बंदच असतं. एक व्यापारी चार खांब आणि गणेशपट्टी काढून न्यायला तयार आहे, बदल्यात साधे खांब लावून देतो म्हणतो. रक्कम बरी आहे. यात काही वावगं आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भाऊ, दोन बाजू आहेत, एक कायद्याची आणि एक लाकडाची.

कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी आणि इमारतीपासून सुटी केलेली वस्तूही त्यात पुरावस्तू ठरते. म्हणजे तुमचा खांब ओसरीत उभा आहे तोवर तो घराचा भाग. करवत लागली की त्या कायद्याखाली येतो. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. व्यापाऱ्याकडे परवाना मागा. तो हसून विषय बदलू लागला तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

लाकडाची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ओसरीचा खांब शोभेला नसतो. उथळा, खांब, त्यावरचा हात, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, आणि त्यावर वरचा मजला. कोरीव हात तुळईचं ओझं दोन्ही बाजूंना हातभर पसरवून खांबावर आणतो, म्हणून तर त्याला हात म्हणतात. पोपट त्याच्यावर सुतारानं हौसेनं बसवले आहेत, पण पोपटाखालचं लाकूड काम करतंय. तो हात काढून साधा चौकोनी खांब खाली दिला तर तुळई मधे झुकू लागते. दोन-चार वर्षांत वरच्या मजल्याचं दार लागेनासं होतं, मग भिंत सुटते. अशी अर्धी सोललेली घरं मी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून पाहिली आहेत. खांब गेले, मग दारं, मग कौलं, आणि शेवटी गल्लीतल्या पोरांना क्रिकेट खेळायला मैदान.

घर बंद आहे हाच खरा आजार आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीला एकदा या, कौलं चाळून घ्या, सगळी दारं-खिडक्या दोन दिवस उघडी ठेवा, वाळवीच्या नळ्या दिसतात का बघा. गावातलं एखादं गरजू कुटुंब नुसतं ओसरीवर नांदलं, रोज झाडलोट आणि चूल-दिवा झाला, तरी घराचं आयुष्य वाढतं. त्याचा कागद मात्र रीतसर करा. आणि चारही खांबांचे सगळ्या बाजूंनी फोटो आजच काढून ठेवा. फोटो असतील तर चोरीची तक्रार करता येते.

प्रश्न : आमच्या यावलच्या घरात माजघराची एक भिंत ठोकली की पोकळ वाजते. खाली जमिनीलगत मूठभर मोठं भोक आहे, लाकडी बूच लावलेलं. शेजारचे म्हणतात धन पुरलेलं असेल. मिस्त्री लावून भिंत फोडावी का?
— एक गृहिणी, यावल

उत्तर : वहिनी, फोडू नका. ते बळद आहे. दोन भिंतींमधे धान्य साठवायची पोकळी. वर माळ्यावर जा, त्याच भिंतीच्या डोक्यावर फळीनं किंवा दगडानं झाकलेलं तोंड सापडेल. वरून धान्य ओतायचं, खालचं बूच काढून हवं तेवढं सुपात घ्यायचं, म्हणजे जुनं आधी निघतं आणि नवं मागे राहतं. आतून शेणामातीनं लिंपलेलं असतं, त्यात कडुनिंबाचा पाला आणि राख टाकत. जमिनीतलं पेव ओल धरतं, भिंतीतलं बळद कोरडं राहतं आणि घरच्या बाईच्या हाताशी असतं. दुष्काळाच्या वर्षी ज्या घराचं बळद भरलेलं होतं, त्या घराला दुसऱ्या धनाची गरज नव्हती. भिंत फोडली तर तिच्यावर टेकलेल्या कड्या खाली येतील.

बूच हळूच फिरवून काढा, खाली सूप धरा आणि बॅटरी आत टाकून बघा. तळाशी थोडं धान्य अजून अडकलेलं असेल. टोके लागलेलं असलं तरी फेकू नका, मूठभर कागदाच्या पुडीत बांधून ठेवा. दादर ज्वारी निघाली, बाजरी निघाली की आणखी काही, ते मला कळवा.